पायाखालची वीट

महाराष्ट्रात वीट भाजली जाते ती झाकण्यासाठी. भट्टीतून निघते, ट्रकमधून येते, भिंतीत चढते आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर गिलावा बसतो तो कायमचा. पुढे घर पाडेपर्यंत तिचं तोंड कुणी पाहत नाही. त्यामुळे ती जरा वाकडी असली, एका कोपऱ्याला कच्ची राहिली असली, पोटात चुनखडीचा खडा असला, तरी गवंडी दोन शब्द बोलतो आणि माल जरा जाड लावून पुढे जातो. भिंत हे सगळं पोटात घालते. जमीन घालत नाही.

घरामागच्या मोकळ्या जागेत विटांची फरसबंदी करून तिथे चार खुर्च्या आणि एक झोपाळा टाकावा, ही हौस हल्ली पुण्या-नाशकाच्या बंगल्यांत आणि शहराबाहेरच्या शेतघरांत बरीच दिसते. मालक मोबाइलवर फोटो घेऊन येतो. फोटोत एखादी परदेशी बाग असते, लालभडक विटा, त्यांच्या फटीत मखमली शेवाळ, कडेला गुलाब. गवंडी फोटो पाहतो, मान डोलावतो आणि जे त्याला येतं ते करतो, म्हणजे खाली काँक्रीट, वर सिमेंटच्या मालात विटा आणि दर्जा पुन्हा सिमेंटने भरलेल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर विटांवर पांढरा खार फुटतो. दुसऱ्या उन्हाळ्यात तिरपी भेग जाते. मग सगळे मिळून विटेला नावं ठेवतात आणि वरून टाइल बसवतात. फोटोत दिसतात ते वरचे तीन-चार इंच. खरं काम त्याखालच्या सात-आठ इंचांत असतं, आणि कडेच्या एका ओळीत.

आपल्याकडच्या गवंड्यांना विटेची जमीन का येत नाही, याला कारण आहे. दख्खनच्या पठारावर कुठेही खणलं तरी काळा दगड लागतो. वाड्यांचे चौक दगडी फरशीचे झाले, पुढे रेल्वे आली तशी कर्नाटकातून शहाबादी आली. कोकणात जांभा असल्यामुळे विटेची गरजच कमी पडली. आणि बाकी सगळ्यांचं अंगण मातीचं होतं: मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं. वीट होती ती भिंतीत. पुण्याच्या शनिवारवाड्याचा तट पाहिला तर हिशेब कळतो. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याच्या तटाला खालचा भाग दगडाचा आहे आणि वीट त्याच्या वर सुरू होते. जिथे पाय, पाणी आणि घोडे लागणार तिथे दगड, हा तेव्हाचा न्याय होता. विटेचं उघडं काम पाहायचं तर धाराशिव जिल्ह्यात तेरला जावं लागतं. तिथलं त्रिविक्रमाचं प्राचीन मंदिर विटांचं आहे. अशी उदाहरणं मोजकी.

बंगालमध्ये नेमकं उलट. तिथे गाळाच्या मुलखात दगडच नाही. म्हणून तिथे वीट फोडून तिची खडी करतात, काँक्रीटमध्येही तीच घालतात, आणि खेड्यातले रस्ते विटांचेच करतात. खाली विटांचा एक सपाट थर आणि वर काठावर उभ्या विटांची तिरपी, एकमेकींत अडकलेली ओळ. बांगलादेशात असे रस्ते आजही गावोगाव आहेत. त्यांवरून सायकलरिक्षा जातात, धान्याच्या गाड्या जातात. तेव्हा वीट जमिनीवर टिकत नाही, ही समजूत दख्खनी आहे.

आणि टिकण्याचंच म्हणाल तर मोहेंजोदडोपर्यंत मागे जावं लागेल. तिथल्या महास्नानगृहाचा तळ सुमारे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. तो विटा काठावर उभ्या करून, एकमेकींना घट्ट भिडवून, जिप्समच्या मालात बसवला आहे आणि पाणी झिरपू नये म्हणून मागे डांबराचा थर दिला आहे. पण मला त्याहून जवळची वाटतात ती तिथल्या साध्या घरांतली न्हाणीघरं. जेमतेम मावेल एवढी विटांची जमीन, कोपऱ्याकडे नीट काढलेला ढाळ, आणि त्या कोपऱ्यातून बाहेरच्या गटारात जाणारं पाणी. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: जिथे झीज आणि पाणी आहे तिथे वीट काठावर बसवायची, आणि पाण्याला आधी वाट द्यायची. मोहेंजोदडोच्या उत्खननात ज्या भागाला ‘डीके’ म्हणतात तो काशिनाथ नारायण दीक्षितांच्या नावावरून. हे पुढे भारतीय पुरातत्त्व विभागाचे महासंचालक झाले. जन्माने पंढरपूरचे. विटेकडे त्यांचं लक्ष जाणं क्रमप्राप्तच होतं म्हणायचं.

नवीन उदाहरण हॉलंडचं. तिथल्या जुन्या गावांतले रस्ते भाजलेल्या विटांचे आहेत, आणि त्या विटा सिमेंटमध्ये नसतात. वाळूच्या थरावर कोरड्या बसवलेल्या असतात. गॅसची नळी दुरुस्त करायची झाली की कामगार तेवढ्याच विटा उचलतात, काम करतात, वाळू सारखी करतात आणि त्याच विटा परत लावतात. दुसऱ्या दिवशी कुठे खणलं होतं ते शोधावं लागतं. आपल्याकडे रस्ता खणल्यावर काय होतं ते लिहायला नको.

माझं म्हणणं सांगून टाकतो. परसात विटांची जमीन करायची असेल तर ती कोरडी करावी. खाली मुरूम, वर वाळू, त्यावर वीट, फटीत पुन्हा वाळू. सिमेंट लागलंच तर फक्त कडेला. ज्याला हे पटत नाही त्याने सरळ कोटा किंवा शहाबादी बसवावी, त्यात काही कमीपणा नाही. पण सिमेंटमध्ये बसवलेली वीट ही धड फरशी नाही आणि धड वीट नाही.

आता वीट. ती दुकानात मिळत नाही, भट्टीवर मिळते, आणि भट्टी कळल्याशिवाय वीट निवडता येत नाही.

भट्ट्या पावसाळ्यानंतर सुरू होतात. पाऊस संपला, शेतं वाळली, की कृष्णाकाठी कराड-सांगलीकडे, इकडे भिवंडी, शहापूर, वसई, पेण पट्ट्यात भट्टीवाले माती आणून टाकतात. मातीत राख, भाताचं तूस किंवा उसाचा बगॅस मिसळतात. औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटेच्या मातीत किमान २५ टक्के राख मिसळायची, अशी अट १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेने घातली. चिखल तुडवून रात्रभर मुरवतात, पहाटे अंधारात विटा पाडायला सुरुवात होते. साच्यात चिखल आपटायचा, वरून कापायचा, साचा उलटा करायचा. मालकाची अक्षरं कोरलेली खाच याच वेळी विटेच्या एका अंगावर उमटते. मग वाळवण, मग रचाई.

उत्तरेत उंच धुराड्याची खंदकातली भट्टी असते. तिचा मूळ आराखडा बुल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७६ मध्ये केला. आपल्याकडे मुख्यतः जुन्या पद्धतीची उघडी भट्टी. कच्च्या विटांचा आणि जळणाचा ढीग एकावर एक रचायचा, बाहेरून चिखलाने लिंपायचा आणि खालून पेटवायचा. ती धुमसत राहते, कित्येक दिवस. आत आग सारखी पोचत नाही, ही या भट्टीची खोड आहे, आणि आपल्या कामाची गोष्ट नेमकी तीच. कडेच्या विटा फिकट पिवळट राहतात, नखाने उकरल्या तर भुकटी निघते. अगदी जाळाजवळच्या वितळून एकमेकींना चिकटतात, काळ्यानिळ्या होतात, त्या खंगर. पोटातल्या विटा गडद, तांबड्या, खणखणीत. भिंतीसाठी तिन्ही मिसळून गाडी भरली जाते. जमिनीसाठी पोटातल्याच हव्यात.

म्हणून ‘एक नंबरची वीट द्या’ एवढं सांगून भागत नाही. जमिनीवर उघडी बसवायची आहे, हे भट्टीवाल्याला स्पष्ट सांगावं, भट्टी उघडते त्या दिवशी स्वतः जावं आणि निवडीचे पैसे वर द्यावेत. भट्टीवाला आधी तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. इतक्या थोड्या विटांसाठी एवढी चिकित्सा करणारं गिऱ्हाईक त्याला नवं असतं. पण वरचे पैसे दिसले की निवडून देतो.

भट्टीवर गेलात की आणखी काही दिसेल, ते न पाहिल्यासारखं करू नका. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतल्या भट्ट्यांवर विटा पाडणारी कुटुंबं बहुतांश कातकरी असतात. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर टाकून भट्टीवर ती फेडायला जायचं, हे चक्र पिढ्यांचं आहे. मजुरी हजारी, म्हणजे हजार विटांमागे. पडलेल्या, फुटलेल्या, अवकाळी पावसात विरघळलेल्या विटा मोजणीत धरतातच असं नाही. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच मालक. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६चा आहे. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. त्या भोंग्यांत राहणाऱ्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा काढल्या, कारण हंगामाचे सहा महिने या मुलांची गावातली शाळा सुटते ती सुटतेच. एका परसाच्या विटांनी ही व्यवस्था बदलणार नाही, हे मलाही कळतं. पण हजारी किती देता आणि मुलं शाळेत जातात का, हे दोन प्रश्न गिऱ्हाइकाने विचारले म्हणून भट्टीवाला विटा नाकारत नाही. विचारावेत.

वीट पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. खणखण आवाज आला तर ठीक, थप आवाज आला तर भिंतीला पाठवा. छातीच्या उंचीवरून मातीच्या जमिनीवर सोडली तर दुभंगता कामा नये. एक फोडून आत बघायची. रंग सगळीकडे सारखा हवा आणि पांढरे खडे नकोत. चुनखडीचा कण भाजताना चुना होतो आणि पुढे पाणी मिळालं की फुगून विटेचा टवका उडवतो. भिंतीत गिलाव्याआड हे लपतं, जमिनीवर प्रत्येक पावसाळ्यात एक खळगा वाढतो.

चौथी परीक्षा जास्त महत्त्वाची. कोरडी वीट किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅम झाली तर तिने २० टक्के पाणी प्यायलं. भारतीय मानक १०७७ नुसार साध्या वर्गाच्या विटेला एवढी सूट आहे, वरच्या वर्गांना मर्यादा १५ टक्क्यांची. जमिनीसाठी १५ च्या वर गेलेली वीट घेऊ नये. जास्त पाणी पिणारी वीट लवकर शेवाळते, लवकर झिजते. आणि तीच वीट एका थाळीत थोड्या पाण्यात उभी करून ठेवा. पाणी वर चढून सुकलं की पांढरी भुकटी दिसते का बघा. दिसली तर मातीत खार आहे. तो खार तुमच्या अंगणात वर्षानुवर्षं वर येत राहील.

जुन्या वाड्यांच्या विटा हा एक मोहाचा विषय आहे. पुण्यात वाडे पडतात, त्यांच्या पातळ, लहान विटा विकायला येतात, आणि त्या दिसायला इतक्या देखण्या असतात की परीक्षा कुणी घेतच नाही. त्या विटा दोन-अडीचशे वर्षं टिकल्या त्या भिंतीत, छपराखाली, कोरड्या. पायाखाली आणि पावसाखाली त्या टिकतील असा त्यांनी कुठे शब्द दिलेला नाही. बऱ्याच मऊ निघतात. त्यांनाही वाजवून, भिजवून बघायचं आणि चांगल्या निघाल्या तर जरूर वापरायच्या.

सिमेंटच्या जोडफरशा, ज्यांना सगळे पेव्हर ब्लॉक म्हणतात, त्या स्वस्त, मजबूत आणि मापाला नेमक्या असतात. मोटार उभी करायची तर त्याच घ्याव्यात. बसायला मात्र मला त्यांच्यात राम वाटत नाही.

वीट ठरली की जागा. परसाला आपल्याकडे फार कामं असतात, हे नकाशा काढणारे विसरतात. मे महिन्यात पापड-कुरडया वाळत घालायच्या असतात. धुण्याचा दगड असतो, मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला जात असतं, भांडी घासायला येणाऱ्या बाईंना उन्हात बसावं लागू नये, ही काळजी असते. विटांची जमीन या सगळ्यांना वळसा घालून नाही, यांच्यासकट आखायची. संध्याकाळी बसायचं असेल तर घराच्या पूर्वेला बसा. दुपारनंतर घराचीच सावली पडते. पश्चिमेला बसायचं म्हटलं तर दिवसभर तापलेली भिंत रात्री आठपर्यंत पाठ भाजते, आणि नैर्ऋत्येचा पाऊसही तिथेच झोडपतो. उत्तरेची बाजू हिवाळाभर सावलीत असते आणि ओल धरते. ऐन मे ते जुलैत सूर्य आपल्या माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकतो तेवढंच तिथे ऊन. वाळवण दक्षिणेला.

झाडाच्या बुंध्याशी वीट नेऊ नये. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता. विटेला तेवढी सक्ती नाही, पण तीन फुटांचं मोकळं आळं ठेवलं की आंबाही सुखी आणि जमीनही सरळ राहते. मुळं वीट उचलतात. कोरडी बसवलेली असेल तर उचललेल्या विटा काढून पुन्हा लावता येतात, हा त्यातला दिलासा.

मापाचं एकच सांगतो. चार खुर्च्या आणि एक टेबल म्हणजे १० फूट बाय १० फूट, कारण खुर्ची मागे सरकवून उठायलाच अडीच-तीन फूट लागतात. त्याहून लहान केलं तर एक पाय कायम मातीत. १० बाय १२ केलं तर ऐसपैस.

या १० बाय १२चा हिशेब मांडू. क्षेत्रफळ १२० चौरस फूट. आपली ‘चार इंची’ वीट ढोबळमानाने ९ x ४ x ३ इंच. सपाट बसवली तर चौरस फुटाला ४, म्हणजे ४८०. काठावर बसवली तर वर दिसणारा भाग ९ x ३, म्हणून चौरस फुटाला साधारण सव्वापाच, एकूण ६४०. तुटफूट धरून ७०० मागवा. काठावर बसवण्याचा खर्च असा जास्त, पण माझा कौल त्यालाच. अक्षरांची खाच बाजूला लपते, विटेची उंची ४ इंच मिळते त्यामुळे ती वजनाखाली मोडत नाही, आणि एक बाजू झिजलीच तर विटा उलट्या करून दुसरी बाजू वापरता येते.

नक्षीचा प्रश्न इथेच सुटतो, आणि तो अंकगणिताचा आहे. हेरिंगबोन, म्हणजे तिरप्या विटा एकमेकींत अडकवायची नक्षी, सपाट विटांची करायची तर विटेची लांबी रुंदीच्या दुप्पट हवी. आपली वीट ९ x ४, दुपटीला एक इंच जास्त. मानक मापाची १९० x ९० मिलिमीटरची वीट घेतली तर तिलाही १० मिलिमीटरची फट ठेवावी लागते, तेव्हा २०० x १०० जमतं. फट न ठेवता नक्षी सुरू केली तर चार-पाच ओळींत दोरी सोडून भलतीकडे जाते आणि गवंडी मालकाकडे, मालक गवंड्याकडे बघत बसतो. सहा इंची वीट या नक्षीला चालतच नाही. काठावरच्या विटेचं गणित मात्र सुंदर आहे: ३ इंचांच्या ३ विटा शेजारी ठेवल्या की ९ इंच, म्हणजे नेमकी एका विटेची लांबी. तीन उभ्या, तीन आडव्या, असे चौकोन घालत गेलं की चटईची वीण आपोआप जमते आणि कडेला एकही वीट कापावी लागत नाही, अट एवढीच की जमिनीची दोन्ही मापं ९ इंचांच्या पटीत धरायची. १० फुटांऐवजी साडेदहा घ्या, १२ तसेच ठेवा. ज्यांना हेही नको त्यांनी साध्या सरळ ओळी घालून प्रत्येक ओळीला सांधेमोड करावी. साधं काम नीट केलेलं नक्षीपेक्षा बरं दिसतं. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात वर्षानुवर्षं उघड्या विटेची घरं बांधली. त्यांचं सगळं सौंदर्य असंच, वीट कशी ठेवली यातून आलेलं आहे, तिच्यावर काही थापून नव्हे.

आता जमिनीखाली. तुमची जमीन मुरमाड असेल तर नशीबवान आहात. ११ इंच खोल खणायचं, तळ पाणी शिंपडून धुमसाने चोपायचा. ६ इंच मुरूम दोन थरांत टाकायचा, प्रत्येक थर ओलसर करून चोपायचा. १२० चौरस फुटांना चोपलेला मुरूम ६० घनफूट लागतो, चोपल्यावर तो दबतो म्हणून पाऊण ब्रास मागवावा. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो, तो घेतला तर उत्तम. मुरमावर दीड इंच वाळू, पंधरा घनफूट. नदीची वाळू आता मिळत नाही आणि मिळाली तर घेऊ नये, क्रश सँड चालते. वाळूचा थर दीड इंचाच्या वर नेऊ नका. खड्डे वाळूने भरून काढायची गवंड्यांना सवय असते, आणि जिथे वाळू जाड तिथे पुढच्या वर्षी खळगा ठरलेला.

जमीन काळी असेल तर काम वाढतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा देते, आणि वर जे काही असेल ते तिच्याबरोबर वरखाली होतं. सिमेंटचा पातळ कोबा अशा जमिनीवर फुटणारच. इथे फूटभर जास्त माती काढून मुरूम भरावा, माती आणि मुरूम यांच्या मधे जिओटेक्सटाइलचं कापड घालावं, म्हणजे मुरूम चिखलात रुतत नाही. आणि पाणी फटींतून खाली जाऊन मुरून बसण्याआधी वरून वाहून जावं म्हणून ढाळ जरा जास्त द्यावा, खालच्या कडेला खडी भरलेली चारी काढावी. एवढं करूनही दोन-चार वर्षांनी काही विटा हलतील. त्या काढून परत लावायच्या. कोरड्या कामाचा हट्ट धरला तो याच दिवसासाठी.

ढाळ दर १० फुटांना २ इंच, घरापासून लांब. पाणसळ लावून वाळूतच काढायचा, विटा वरखाली ठोकून नव्हे. विटांची पातळी जोत्यापेक्षा निदान ६ इंच खाली हवी, नाहीतर पागोळ्यांचं पाणी उडून भिंत ओल धरते. जोतं उंच असेल तर मधे पायरी घ्या.

शेवटी कड, किंवा खरं तर सुरुवातीलाच. कोरड्या विटांना धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. कड सुटली की वाळू सरकते, वाळू सरकली की फटी उघडतात, आणि दोन वर्षांत नक्षी पसरते. चारही बाजूंनी विटांची एक ओळ खोल गाडायची, तिच्या बाहेरच्या अंगाला काँक्रीटचा पाठिंबा द्यायचा. साऱ्या कामात सिमेंट वापरायची ही एकच जागा. तीन बाजूंची कड आधी पक्की करून, गुण्याने काटकोन तपासून मग आत विटा भरत यावं आणि चौथी कड शेवटी बंद करावी. विटा बसवताना पाव इंच वर ठेवायच्या, वरून फळी ठेवून चोपलं की त्या जागेवर बसतात. मग बारीक, कोरडी वाळू झाडूने फटींत लोटायची, पुन्हा चोपायचं, पुन्हा लोटायची. फटी भरेपर्यंत हे कंटाळवाणं काम चालू ठेवावं लागतं आणि नेमका इथेच मजूर निघून जायच्या गडबडीत असतो. त्याला चहा द्या पण जाऊ देऊ नका.

परदेशी पुस्तकांत गोठणाऱ्या पाण्याने विटा कशा फुटतात याची पानंच्या पानं असतात. महाराष्ट्रात ती सोडून द्यावीत. आपले शत्रू वेगळे. पहिला शेवाळ: सावलीच्या बाजूला ऑगस्टमध्ये पाय घसरतो, वयस्कर माणसं असतील त्या घरात हा विनोदाचा विषय नाही. ताठ खराट्याने घासा. आम्ल ओतू नका, त्याने वीट खाल्ली जाते. दुसरा मुंग्या, त्या फटीतली वाळू कण कण वर आणतात. दसऱ्याच्या आधी घमेलंभर वाळू पुन्हा लोटली की भागतं. तिसरा हराळी आणि लव्हाळा. कामाआधी गाठी खणून काढल्या नाहीत तर लव्हाळा मुरूम फोडून येतो. चौथी घूस, आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. तिने बीळ केलं की तेवढ्या विटा काढायच्या, बिळात खडी ठासायची, विटा लावायच्या. पाचवा शत्रू मालक स्वतः, जो पहिल्या दिवाळीला विटांना गेरू फासून वर पांढऱ्या रेघा ओढतो. चांगल्या भाजलेल्या विटेला रंग लागत नाही. संध्याकाळी पाण्याचा सडा मारला की ती पाणी पिते, हळूहळू सोडते आणि गार राहते. रंगाच्या थराखाली हे होत नाही.

तर वेळापत्रक एवढंच. पावसाळा संपताना, ओल ताजी असते तोवर परसात पाणी कुठे साचलं होतं तिथे खुंट्या ठोकून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत भट्टी पाहून या, पहिली भट्टी उघडली की विटा निवडून आणा आणि एका बाजूला उंचावर रचा. खोदकाम मार्चमध्ये. आणि काही झालं तरी मुरूम आणि कड मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरका, कारण वळवाने एकदा मुरमाचा चिखल केला की तो कितीही चोपला तरी बसत नाही.